अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पायांवर उभं करणारी डॉक्टर : मार्जरी वॉरन

आजोबांना न्यूमोनिया होतो. दवाखान्यात ॲडमिट करावं लागतं. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, छाती मोकळी होते, डिस्चार्जचा कागद हातात पडतो. पण रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी चालत आत गेलेले आजोबा बाहेर येतात ते व्हीलचेअरवर बसून. घरी आल्यावर संडासापर्यंत जायलाही दोन माणसं लागतात. न्यूमोनिया बरा झालेला असतो, पण माणूस उठत नाही.

घरचे म्हणतात, आता वय झालं. आजारपणाने खचले. यात थोडं तथ्य असतंच. पण बऱ्याचदा या अवस्थेला तिसरंही कारण असतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला दिसत नाही. ते म्हणजे ते आठ-दहा दिवस ज्या खाटेवर काढले, ती खाट.

म्हाताऱ्या पेशंटला झोपवून ठेवणं म्हणजे त्याची सेवा करणं नव्हे, हे सुमारे ९० वर्षांपूर्वी लंडनजवळच्या एका सरकारी हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी करून दाखवलं. त्यांचं नाव मार्जरी वॉरन. ब्रिटनमध्ये त्यांना वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची, म्हणजे जेरियाट्रिक्सची, आई मानलं जातं. भारतात मात्र डॉक्टर मंडळी सोडली तर त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

वकिलाची थोरली मुलगी

मार्जरी वॉरन यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर होते. घरात पाच मुली, त्यातल्या मार्जरी सगळ्यांत थोरल्या. मुलींच्या शिक्षणासाठी नावाजलेल्या नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूलमध्ये त्यांचं शालेय शिक्षण झालं. पुढे डॉक्टर व्हायचं ठरल्यावर त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलशी जोडलेल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये प्रवेश घेतला.

या कॉलेजचं नाव महाराष्ट्राला परकं नाही. बालविवाहाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई १८८९ साली वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, त्या याच कॉलेजात. ब्रिटनमधली बहुतेक मेडिकल कॉलेजं मुलींना दारात उभं करत नव्हती, त्या काळात हे कॉलेज सुरू झालं होतं.

१९२३ साली वॉरन डॉक्टर झाल्या आणि १९२६ साली लंडनच्या पश्चिमेला असलेल्या आयल्सवर्थ इथल्या सरकारी हॉस्पिटलात रुजू झाल्या. हेच हॉस्पिटल पुढे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यांचा ओढा सुरुवातीला सर्जरीकडे होता. म्हातारपणाच्या आजारांवर काम करायचं असं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पुढे हॉस्पिटलच्या प्रशासनातही त्यांच्याकडे मोठी जबाबदारी आली आणि त्यातूनच ते काम त्यांच्या वाट्याला आलं.

७१४ पेशंट आणि एक पडीक वॉर्ड

हे काम काय होतं, ते समजण्यासाठी आधी वर्कहाऊस म्हणजे काय ते बघावं लागेल.

इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्याने गरिबांसाठी वर्कहाऊस नावाची व्यवस्था पक्की झाली. ज्याला खायला नाही, राहायला नाही, त्याने तिथे जायचं. पण लोकांनी सहजासहजी तिथे येऊ नये म्हणून तिथलं जगणं मुद्दाम खडतर ठेवलेलं असे. कालांतराने तिथे तरण्याताठ्या गरिबांपेक्षा आजारी, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांचीच गर्दी झाली. त्यांच्यासाठी वर्कहाऊसला जोडून इन्फर्मरी, म्हणजे आजाऱ्यांचे वॉर्ड, असत. १९२९ साली नवा कायदा आला आणि या संस्थांचा कारभार स्थानिक कौन्सिलांकडे गेला.

१९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारच्या अशाच एका जुन्या वर्कहाऊसची इन्फर्मरी ताब्यात घेतली. तिथे ७१४ पेशंट होते आणि त्यांची जबाबदारी मार्जरी वॉरन यांच्यावर आली.

आतलं दृश्य वाईट होतं. एकाच वॉर्डात सगळे एकत्र. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली माणसं, हाड मोडलेल्या बाया, स्मृतिभ्रंशाने दिवसभर ओरडणारे वृद्ध, अपंगत्वामुळे इथे येऊन पडलेले तुलनेने तरुण लोक. भिंती कळकट, उजेड कमी. अनेकांचं नेमकं निदान कधी झालेलंच नव्हतं. दीर्घ आजारी असा एक शिक्का बसला की पुढे त्या माणसाला तपासायची गरज कुणाला वाटत नसे. खाऊ घालायचं, पुसून घ्यायचं, चादर बदलायची आणि तो जाईपर्यंत वाट बघायची, एवढंच काम उरलेलं असे.

नर्स क्रूर होत्या असं नाही. माणसं कमी आणि पेशंट खूप होते. झोपलेला पेशंट सांभाळायला सोपा असतो. तो पडत नाही, हरवत नाही, चादरही नीट राहते. शिवाय आजारी माणसाला विश्रांती हवी, ही समजूत तेव्हाच्या डॉक्टरांमध्येही पक्की होती.

आधी तपासायचं, मग ठरवायचं

वॉरन यांनी केलेली पहिली गोष्ट ऐकायला अगदी साधी वाटते. त्यांनी प्रत्येक पेशंटला तपासायला सुरुवात केली. हा माणूस अंथरुणाला का खिळला आहे, हा प्रश्न त्यांनी एकेका खाटेपाशी विचारला.

उत्तरं निरनिराळी निघाली. कुणाला उपचाराने सुधारेल असा आजार होता, पण त्यावर उपचारच झाले नव्हते. कुणाला कित्येक महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला होता आणि तेव्हापासून हातापायाला कुणी व्यायाम दिला नव्हता, त्यामुळे सांधे आखडून गेले होते. काही जणांच्या बाबतीत तर पडून राहण्याला फार वेळ पडून राहणं हेच कारण उरलं होतं.

मग त्यांनी पेशंटची पाच गटांत विभागणी केली. जे उठू-बसू शकतात ते एका गटात. अंथरुणात आहेत पण लघवी-संडासवर ताबा आहे ते दुसऱ्या. ज्यांचा ताबा गेला आहे ते तिसऱ्या. मन गोंधळलेलं आहे पण शांत असतात ते चौथ्या. आणि स्मृतिभ्रंश इतका वाढला आहे की इतरांना त्रास होतो, ते पाचव्या गटात. या वाटणीचा फायदा असा झाला की कुणाला कशाची गरज आहे ते दिसायला लागलं. उठू शकणारा माणूस आता दिवसभर ओरडणाऱ्या माणसाशेजारी पडून राहत नव्हता.

वॉर्डही बदलले. भिंतींना उजळ रंग दिले, दिवे वाढवले. पेशंटला बसता येईल अशा खुर्च्या आल्या, चालताना धरता येतील असे आधार आले. खाटेच्या दोन्ही बाजूंना लावलेले कठडे जिथे शक्य तिथे काढून टाकले. पेशंट पडू नये म्हणून हे कठडे असत, पण त्यांच्यामुळे जो उठू शकतो त्यालाही पिंजऱ्यात ठेवल्यासारखं होत असे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पेशंटला उठवायला सुरुवात झाली. आधी उशांच्या आधाराने बसवायचं. मग पाय खाली सोडून खाटेच्या कडेला. मग खुर्चीत. मग आधार धरून उभं राहायचं आणि शेवटी पावलं टाकायची. जेवण, कपडे घालणं, केस विंचरणं जितकं स्वतःला जमेल तितकं स्वतःच करायचं. नर्सने घास भरवला तर दोन मिनिटांत काम होतं. पेशंटने स्वतः खाल्लं तर वीस मिनिटं लागतात. पण त्या वीस मिनिटांत त्याचा हात काम करत असतो.

हे काम एकट्या डॉक्टरचं नाही, हे वॉरन यांना लवकर कळलं. म्हणून डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे समाजसेवक यांनी एकत्र बसून एका पेशंटचा विचार करायचा, अशी पद्धत त्यांनी आणली. आज मोठ्या हॉस्पिटलांत हे सर्रास दिसतं. तेव्हा म्हाताऱ्या, गरीब पेशंटसाठी इतकी माणसं एकत्र येणं ही नवलाची गोष्ट होती.

परिणाम आकड्यांत दिसला. ज्या विभागात ७१४ पेशंट होते, तिथलं काम पुढे सुमारे २४० खाटांवर भागू लागलं आणि त्या खाटांवर येऊन बरे होऊन जाणाऱ्यांचं प्रमाण तिपटीने वाढलं. इतकी वर्षं जिथून माणूस बाहेर पडायचा तो बहुतेक शेवटच्या प्रवासालाच, तिथून लोक आता घरी किंवा वृद्धांच्या वसतिगृहात जायला लागले.

पडून राहिल्याने शरीरात काय होतं?

वॉरन यांना वॉर्डात जे दिसत होतं, त्यामागचं कारण आज बरंच स्पष्ट झालं आहे.

उभं राहणं हा शरीरासाठी एक व्यायामच असतो. उभ्या माणसाचं रक्त पायांकडे ओढलं जातं आणि ते वर ढकलायला हृदय व रक्तवाहिन्या सतत काम करत असतात. माणूस काही दिवस आडवा राहिला की ही सवय सुटते. मग पहिल्यांदा उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पेशंट घाबरतो, नातेवाईक त्याहून घाबरतात आणि त्याला पुन्हा झोपवतात. चक्र इथेच सुरू होतं.

मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू वापरात नसले की झपाट्याने झिजतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधला जवळपास एक किलो स्नायूंचा भाग कमी झाला. ही माणसं आजारी नव्हती. ताप, जंतुसंसर्ग, अन्नावरची वासना जाणं या गोष्टी सोबत असतील तर नुकसान आणखी वाढतं.

याशिवाय छाती पूर्ण फुलत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हाडांमधलं कॅल्शियम कमी होतं. पोट साफ होत नाही. एकाच जागी दाब पडून पाठीला, टाचांना जखमा होतात. त्यांनाच बेडसोर म्हणतात. दिवस-रात्र एकाच छताकडे बघत राहिल्याने वृद्धांचं मन गोंधळतं, कधी कधी आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं.

विशीतला माणूस यातून महिन्याभरात सावरतो. ऐंशीच्या माणसाकडे मुळात शिल्लक कमी असते. खुर्चीतून उठायला लागतं तेवढंच बळ त्याच्या पायांत असेल आणि त्यातलं थोडं गेलं, तर तो उठूच शकत नाही.

युद्ध, दोन लेख आणि नवं शास्त्र

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बॉम्बहल्ल्यातल्या जखमींसाठी ब्रिटनमध्ये खाटा रिकाम्या करण्यात आल्या. याचा फटका दीर्घकाळ पडून असलेल्या वृद्धांना बसला. पण याच काळात मोठमोठ्या हॉस्पिटलांतले नामवंत डॉक्टर पहिल्यांदा जुन्या इन्फर्मरींमध्ये काम करायला गेले आणि तिथली अवस्था त्यांना बघावी लागली.

वॉरन यांनी १९४३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ साली लॅन्सेटमध्ये आपलं काम मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दीर्घ आजारी वृद्धांना गावाबाहेरच्या वेगळ्या संस्थांमध्ये ठेवू नये. जिथे एक्स-रे आहे, लॅब आहे, सर्जन आहेत, अशा सर्वसाधारण हॉस्पिटलातच त्यांच्यासाठी विभाग हवा. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी आणि नर्सनी तिथे शिकलं पाहिजे. आणि वृद्धांचं वैद्यकशास्त्र ही स्वतंत्र शाखा मानली गेली पाहिजे.

हे सगळ्यांना पटलं नाही. बऱ्या न होणाऱ्या म्हाताऱ्यांवर हुशार डॉक्टरांनी वेळ का घालवायचा, असा सूर नावाजलेल्या हॉस्पिटलांत होता. या क्षेत्रात जाणारा डॉक्टर म्हणजे दुसरीकडे जागा न मिळालेला, अशी समजूत पुढेही बरीच वर्षं टिकली.

पण वॉरन एकट्या राहिल्या नाहीत. आरोग्य खात्यात असलेले डॉक्टर लॉर्ड अमुलरी यांना या कामाचं महत्त्व पटलं. ऑर्सेट इथले सर्जन लायनेल कोसिन खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर ऑपरेशन करून त्यांना लवकर चालवू लागले होते. १९४७ साली अशा मोजक्या डॉक्टरांनी मिळून वृद्धांच्या वैद्यकीय सेवेसाठी एक संस्था काढली. तीच पुढे ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी झाली. मार्जरी वॉरन तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या.

योगायोग असा की त्याच १९४७ मध्ये, त्याच मिडलसेक्स परगण्यातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक खुसखुशीत लेख लिहिला. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर काय परिणाम होतो, ते त्यांनी मांडलं. तो लेख आजही मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वाचायला दिला जातो.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. जुन्या इन्फर्मरी, त्यांतल्या खाटा आणि त्या खाटांवरचे हजारो वृद्ध आता सरकारी हॉस्पिटल व्यवस्थेचा भाग झाले. यांचं काय करायचं, या प्रश्नाला वॉरन यांच्या वॉर्डातून आलेलं तयार उत्तर होतं. वृद्धांसाठी खास तज्ज्ञ डॉक्टर नेमले जाऊ लागले आणि जेरियाट्रिक्स ही शाखा रुजली.

शेवटचा प्रवास

पुढच्या दशकात वॉरन यांचा विभाग बघायला देशोदेशीचे डॉक्टर येऊ लागले. त्या स्वतःही परदेशांत व्याख्यानं द्यायला जात. पक्षाघातानंतर माणसाला कसं उभं करायचं आणि पाय कापावा लागलेल्या वृद्धाला कृत्रिम पायाने कसं चालतं करायचं, यांवर त्यांनी बरंच लिहिलं. वय जास्त आहे म्हणून कृत्रिम पाय नाकारणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी लग्न केलं नाही आणि नोकरीत असेपर्यंत वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल सोडलं नाही.

सप्टेंबर १९६० मध्ये त्या एका परिषदेसाठी जर्मनीला निघाल्या होत्या. वाटेत फ्रान्समध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या. ज्यांच्यासाठी आयुष्यभर काम केलं, ते म्हातारपण त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलंच नाही. ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

ब्रिटनमधलं हे शास्त्र भारतातही आलं. तिथे प्रशिक्षण घेतलेल्या डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने चेन्नईच्या सरकारी हॉस्पिटलात १९७० च्या दशकात वृद्धांसाठी वेगळा विभाग सुरू झाला.

मग आज सगळं ठीक आहे का?

नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ॲडमिट होण्यापूर्वी चालू शकणाऱ्या वृद्ध पेशंटच्या हालचाली यंत्राने मोजल्या. ते हॉस्पिटलातला सुमारे ८३ टक्के वेळ अंथरुणात पडून होते. म्हणजे सत्तर वर्षांनंतर खाटा आधुनिक झाल्या, पण सवय तीच राहिली.

सवय बदलता येते, याचाही पुरावा आहे. येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलातला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वृद्ध पेशंटना रोज चालवणं किंवा व्यायाम देणं, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, पुरेसं पाणी देणं, रात्री शांत झोपू देणं, अशा साध्या गोष्टी नेमाने केल्या. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के पेशंटना भ्रम झाला होता. या वॉर्डात ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहिलं.

भारतात तर पेशंटजवळ घरचं कुणी ना कुणी असतंच. पण ते माणूस बहुधा उठू नका, आम्ही आहोत ना, असं सांगण्यात गुंतलेलं असतं. त्याऐवजी राउंडला आलेल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारता येतो : यांना आज किती उठवायचं? काही आजारांत, ऑपरेशननंतर किंवा फ्रॅक्चरमध्ये हालचालीवर बंधन असतं, म्हणून हे विचारूनच करायचं. परवानगी असेल तर जेवण खाटेवर न देता खुर्चीत बसवून देता येतं. घरची नेहमीची चप्पल, काठी आणि चष्मा सोबत नेता येतो. बेडपॅनऐवजी हात धरून बाथरूमपर्यंत नेता येतं. सलाइन आणि लघवीची नळी अजून गरजेची आहे का, हेही विचारता येतं, कारण नळी लावलेला माणूस उठायला बघत नाही.

यात महागडं असं काही नाही. मार्जरी वॉरन यांच्याकडेही १९३५ साली एक जुनी इमारत, थोडे कर्मचारी आणि ७१४ माणसं एवढंच होतं. त्यांनी प्रत्येक खाटेपाशी थांबून हा माणूस उठू शकेल का, एवढं आधी बघितलं. त्यातले पुष्कळ जण उठले.